आधी चारा, मग गळ

आपला रत्नागिरी जिल्हा मासळीचा जिल्हा. बांगडा, सुरमई, पापलेट ही नावे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतात. पण समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी जी गावे आहेत, तिथे ताजी मासळी रोज कुठून येणार? तिथल्या माणसांना आधार असतो तो नदीचा, गावच्या तळ्याचा, शेततळ्याचा आणि धरणाच्या पाण्याचा. खेड तालुक्यात नातूवाडीचे धरण आहे, राजापूर तालुक्यात अर्जुनेचे आहे. अशा गोड्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस हे मासे वाढतात.

हे मासे पकडायला पुष्कळ लोक गळ घेऊन बसतात. गळ म्हणा, गरी म्हणा, वस्तू एकच. कोणी सकाळी बसतो तो दुपारी रिकाम्या हाताने उठतो, आणि शेजारचा म्हातारा मात्र तासाभरात दोन रोहू घेऊन घरी जातो. लोक म्हणतात, "त्याच्या हाताला गुण आहे." गुण हाताला नसतो. तो डोक्याला असतो, आणि थोडा धीराला असतो. म्हाताऱ्याने काय केले, ते आज आपण नीट समजून घेऊ.

मासा ओळखा

कटल्याचे डोके मोठे असते आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. ज्याचे तोंड वर, तो वरचे खातो. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू अंगाने जरा तांबूस दिसतो. तो मधल्या थरात चरतो. मृगळ सडपातळ आणि रुपेरी असतो. त्याचे तोंड खाली वळलेले, म्हणून तो तळाशी चरतो. सायप्रिनसही तळाशीच. त्याच्या तोंडाला मिशांच्या दोन जोड्या असतात. त्या मिशांनी तो चिखल चाचपतो. एकाच तळ्यात हे चौघे राहतात. एक माडीवर, एक मधल्या घरात आणि दोघे तळघरात, असे समजा.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांच्या जबड्यात दात नसतात. त्यांचे दात आत, घशात असतात. त्यामुळे हा मासा घास तोडत नाही. तो घास पाण्याबरोबर ओढून घेतो, तोंडात घोळवतो, आणि पसंत पडला नाही तर थुंकून टाकतो. दात पडलेली आजी सुपारीचे खांड तोंडात घोळवून पाहते, तसेच हे. म्हणून आमिष मऊ हवे आणि गळ लहान व टोकदार हवा. मोठा, जाड गळ तोंडात गेला की माशाला लगेच कळते, आणि तो निघून जातो.

या माशांना वास चांगला कळतो. पाण्यातला आणि काठावरचा हादराही कळतो. काठावर धपधप पावले वाजली, की पाण्यातल्या माशाला बातमी पोचते.

हा मासा कोणाचा?

गळ टाकण्याआधी हा प्रश्न विचारला पाहिजे. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे आपल्या कोकणातले नव्हेत. ते गंगेच्या खोऱ्यातले. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तळ्याच्या साठलेल्या पाण्यात ते आपोआप अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांची पिल्ले नदीतूनच गोळा करून आणावी लागत. १० जुलै १९५७ या दिवशी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी माशाला टोचणी दिली आणि बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. दुसऱ्या माशाच्या मेंदूखाली एक लहान ग्रंथी असते. तिच्या रसाची ती टोचणी होती. तेव्हापासून माशांचे बी तयार करणे सोपे झाले. आता दरवर्षी १० जुलै हा मत्स्य शेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

आता विचार करा. तुमच्या गावच्या तळ्यात रोहू आहे, म्हणजे कोणीतरी पैसे मोजून बोटुकल्या आणल्या आणि पाण्यात सोडल्या. बोटाएवढ्या पिल्लाला बोटुकली म्हणतात. धरणाचे पाणी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेले असते. शेततळे शेतकऱ्याचे असते. गावचे तळे पंचायतीचे असते. तेव्हा आधी विचारा आणि मग बसा. विचारून बसलेल्या माणसाला काठावर मानाने बसता येते.

साहित्य थोडेच लागते

नवशिक्याने भारी सामान घेऊ नये. चिव्याची एक सरळ, वाळलेली काठी घ्यावी. लांबी आठ ते दहा हात असावी. काठीच्या टोकाला काठीएवढाच तंगूस बांधावा. तंगुसाच्या शेवटी लहान गळ बांधावा. गळाच्या वर एक वीत अंतरावर वाटाण्याएवढे शिसे दाबून बसवावे. त्याच्या वर भेंडाचा किंवा बुचाचा तुकडा तरंगता ठेवावा. हा तुकडा वर-खाली सरकवता आला पाहिजे. याशिवाय एक हातजाळे, एक बादली आणि बसायला गोणपाट. संपले सामान.

गळाचे टोक नखावर टेकवून पाहा. टोक नखात अडकले तर गळ चांगला. घसरला तर घासून धार लावा, नाहीतर बदला.

जागा कशी पाहावी?

पाण्यावर पोचलात की लगेच गळ टाकू नका. दहा मिनिटे नुसते बघत बसा. तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसल्या, तर खाली कोणीतरी चिखल उकरत आहे. एकाच ठिकाणी पाणी गढूळ झाले, तर तीही खूण. ओढ्याचे पाणी तळ्यात येते ती जागा चांगली. काठावरचे उंबर किंवा जांभूळ पाण्यावर वाकले असेल, तर ती जागाही चांगली, कारण वरून फळे पडतात आणि मासे तिथे यायला शिकतात.

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. भर दुपारी मासा खोल सावलीत जातो. थंडीच्या दिवसांत तो कमी खातो. पावसाळा सरून पाणी निवळले की दिवाळीपर्यंत, आणि पुन्हा शिमग्यापासून पुढे, त्याची भूक चांगली असते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. रात्रभर ढगाळ आणि कोंदट हवा असली, की कधी कधी पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. अडाणी माणूस म्हणतो, "बघा, केवढी भूक लागली आहे!" ती भूक नव्हे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी झालेला असतो आणि मासा श्वासासाठी तडफडत असतो. तेव्हा तो खाणार नाही. तळे आपले असेल, तर ताजे पाणी सोडा आणि त्या दिवशी चारा टाकू नका.

आधी चारा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. मासा जिथे असेल तिथे आपण धावायचे नाही. आपण ठरवू तिथे माशाला यायला शिकवायचे.

महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड म्हणून एक डोह आहे. तिथले मासे देवीचे मानतात. त्यांना कोणी धरत नाही. लोक काठावरून खायला टाकतात, आणि मोठमोठे मासे पाण्यावर गर्दी करतात. हे मासे कटला-रोहूचेच भाऊबंद. जिथे रोज खायला मिळते, ती जागा मासा विसरत नाही, हे त्या डोहावर डोळ्यांनी दिसते. तिथे अर्थात गळ टाकायचा नाही. पण तिथून शिकायला हरकत नाही.

ही विद्या जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर होऊन गेला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्याने 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात गळाने मासे धरण्यावर एक वेगळे प्रकरण आहे. मासे कोणते आणि त्यांना खायला काय घालावे, याचा विचार त्यात आहे. राजाच्या घरीसुद्धा मासा आधी खाऊ घालूनच मिळत होता!

चारा घरच्या घरी होतो. भाताचा कोंडा दोन ओंजळी घ्या. शेंगदाण्याची पेंड एक ओंजळ घ्या आणि तासभर भिजवा. सुपारीएवढा गूळ त्यात कुस्करा. सगळे एकत्र मळून लिंबाएवढे गोळे करा. एक गोळा बादलीतल्या पाण्यात टाकून पाहा. तो तळाला जाऊन मग हळूहळू सुटला पाहिजे. वरच फुटला तर पाणी जास्त झाले आहे, आणखी कोंडा घाला. दगडासारखा पडून राहिला तर फार घट्ट झाला आहे, थोडे पाणी घाला. कटल्यासाठी मात्र गोळा सैल ठेवा. तो पाण्यात पडताच धुरासारखा पसरला पाहिजे, कारण कटला वर चरतो.

असे चार-पाच गोळे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी टाका. तीन दिवस नुसते टाका, गळ नेऊ नका. चौथ्या दिवशी गळ न्या. त्या दिवशी चारा निम्मा करा. पोट भरलेला पाहुणा ताटावर बसत नाही, तसेच माशाचे आहे. चारा भूक लावण्यापुरता असावा. शिवाय उरलेला चारा तळाशी कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो.

"तीन दिवस कोण थांबणार, गुरुजी?" असे तरुण पोरे विचारतात. आम्ही म्हणतो, "बाबांनो, पी हळद आणि हो गोरी, असे पाण्यात चालत नाही. पेरल्यावर भातसुद्धा थांबायला लावते."

गळाला काय लावावे?

चाऱ्यात जे आहे, तेच गळावर असावे. तीन दिवस पेंड खाल्लेल्या माशाला चौथ्या दिवशी पेंडच ओळखीची वाटते. कणकेत पेंडीची पूड मिसळा आणि घट्ट मळा. कापसाचे चार तंतू त्यात मळले, की गोळी पाण्यात लवकर सुटत नाही. कोणी वासासाठी चिमूटभर हिंग घालतात, कोणी मेथीची पूड घालतात. आवडत असेल तर घाला, पण चिमटीपेक्षा जास्त नको. तळाच्या मृगळाला आणि सायप्रिनसला गांडूळही चालते.

गोळी जांभळाच्या बीएवढी करा. गळ तिच्यात लपला पाहिजे, पण टोक अगदी वरवर असावे. गोळी लावलेला गळ बादलीत सोडून पाहा. पाव तास टिकली तर पास.

हात स्वच्छ ठेवा. विडी, तंबाखू, घासलेट आणि साबण यांचा वास माशाला नको असतो. आमिष लावण्याआधी हाताला काठावरची माती चोळा आणि तळ्याच्या पाण्यात हात धुवा.

गळ टाकावा कसा?

नवशिक्याला वाटते, जितका लांब टाकू तितका मोठा मासा. हे खरे नव्हे. मासा पुष्कळदा काठापासून सात-आठ हातांवरच चरत असतो. लांब टाकण्यापेक्षा नेमका टाकणे महत्त्वाचे.

"गुर्जी, तीन तास बसलंव, पण एक मासा गावला नाय," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

"किती ठिकाणी गळ टाकलास?"

"जिथं उडी दिसली तिथं टाकत गेलो."

"आणि चारा?"

"तो ह्या कडेला टाकलेला."

चारा एकीकडे आणि गळ दुसरीकडे, मग मासा येणार कुठून? हे टाळायचे तर तीन नियम पाळा.

पहिला नियम खुणेचा. पलीकडच्या काठावरचे एखादे झाड किंवा खडक धरा. स्वतः एकाच दगडाशी बसा. त्या झाडाच्या रेषेतच चारा आणि त्याच रेषेतच गळ.

दुसरा नियम अंतराचा. काठीला दोरा ठरावीकच असतो, म्हणून अंतर आपोआप सारखे राहते. हातगरी किंवा चक्रीची काठी असेल, तर चाऱ्याच्या जागेपर्यंत दोरा एकदा मोजा आणि हाताशी येईल तिथे रंगीत सुताची गाठ बांधा. पुढच्या प्रत्येक वेळी गाठ हाताला लागली की थांबा.

तिसरा नियम आवाजाचा. गळ धपकन पडू देऊ नका. काठीचे टोक वर धरा. डाव्या हातात शिशाजवळ दोरा धरा. दोरा सोडा आणि काठी हळूच पुढे उचला. गळ झोपाळ्यासारखा पुढे जाईल. तो पाण्याला टेकायच्या वेळी काठीचे टोक थोडे खाली घ्या, म्हणजे गळ अलगद उतरेल. चक्रीची काठी असेल, तर गळ चाऱ्याच्या दोन हात पलीकडे टाका आणि हळूहळू ओढून जागेवर आणा. म्हणजे आवाज पलीकडे होतो आणि खाणारे मासे बुजत नाहीत. चक्रीने टाकताना आधी पाठीमागे पाहा. मागे झाडाची फांदी असते, कधी आपलेच पोर उभे असते.

आता खोली. तळाच्या माशासाठी गोळी तळाला जेमतेम टेकली पाहिजे. आमिष न लावता गळाला एक लहान शिसे अडकवून सोडा. भेंड पूर्ण बुडाले तर पाणी त्याहून खोल आहे, भेंड वर सरकवा. भेंड आडवे पडले तर पाणी उथळ आहे, भेंड खाली सरकवा. फक्त टोक वर दिसू लागले की खोली जुळली. कटल्यासाठी मात्र भेंडाखाली दोनच हात दोरा ठेवा.

मासा लागला, आता?

भेंड नुसते थरथरले तर हलू नका. मासा घास तोंडात घोळवून पाहत आहे, किंवा बारीक मासे टोचत आहेत. भेंड एका दिशेने सरळ चालू लागले किंवा सावकाश बुडाले, की मनगटाने काठी उचला. खांद्याने हिसका मारू नका. हिसक्याने माशाचा ओठ फाटतो, नाहीतर तंगूस तुटतो. मग जखमी मासा पाण्यात राहतो आणि आपण काठावर.

मोठा मासा ओढू लागला की काठी उभी धरा. वाकणारी काठी त्याची ओढ सोसते. दोरा सैल सोडू नका आणि ताणूही नका. तो पळेल, दमेल, पुन्हा पळेल. कुशीवर झाला की हातजाळे आधी पाण्यात बुडवा आणि मासा त्यावर आणा. जाळे घेऊन माशामागे धावू नका.

काय ठेवावे, काय सोडावे?

चांगल्या तळ्यात बोटुकलीचा वर्षभरात किलोच्या आसपास मासा होतो. आज पाव किलोचा रोहू घरी नेला, तर कालवणाला एक तुकडाही नीट होत नाही. तोच पुढच्या वर्षी घरभर पुरतो. म्हणून लहान मासा सोडा. सोडताना आधी हात ओले करा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याला रोगापासून वाचवतो. कोरड्या हाताने किंवा फडक्याने तो थर निघून जातो.

पहिल्या पावसात नदीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. चढणीच्या माशांच्या पोटात गाभोळी असते. ती हजारो अंडी असतात. त्या आठवड्यात धरलेला एक मासा म्हणजे पुढच्या सालची भरलेली टोपली. ते दिवस सोडून द्यावेत.

आणि आता सर्वांत वाईट गोष्ट. काही माणसांना चारा, धीर, खूण काहीच नको असते. ती डोहात कीटकनाशक ओततात, नाहीतर सुरुंग उडवतात. घटकाभरात डोह पांढरा होतो. मोठे मासे मरतात, पिल्ले मरतात, माशांचे खाद्यही मरते. पुढे तो डोह कित्येक दिवस ओसाड पडतो. तेच पाणी खालच्या वाडीची गुरे पितात, बायका हंड्यात भरतात. विषाचा मासा खाणाऱ्याच्या पोटातही विषच जाते. सुरुंगाने तर हात तुटतात. पाण्यात विष घालून किंवा सुरुंग उडवून मासे मारणे हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कोणी असे करताना दिसला, तर "आपल्याला काय त्याचे?" म्हणून पुढे जाऊ नका. पाणी सगळ्या गावाचे आहे. सरपंचाला, पोलीस पाटलाला सांगा.

गळ एका वेळी एकच मासा घेतो. म्हणूनच गळाच्या तळ्यात उद्याही मासा असतो.

जिवाला जपा

मासा आज नाही तर उद्या मिळेल. जीव पुन्हा मिळत नाही. पावसाळ्यात घाटावर पाऊस पडला, की इथे ऊन असतानाही नदी अचानक चढते. धरणाचा भोंगा वाजला की सामान टाकून वर या. शेवाळलेल्या जांभ्या दगडावर उभे राहू नका. वरून विजेची तार जात असेल, तिथे लांब काठी उभारू नका. आकाशात वीज चमकू लागली की काठी ठेवा आणि पाण्यापासून दूर व्हा. चिपळूणकडे वाशिष्ठी नदीत मगरी आहेत. तिथे पाण्यात पाय सोडून बसू नका. लहान मुलांना एकटे गळ टाकायला धाडू नका. गळ बोटात रुतला तर दवाखान्यात जा आणि धनुर्वाताची सुई घ्या. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. त्यात बगळ्यांचे आणि खंड्यांचे पाय अडकतात. तो गुंडाळून घरी आणा.

आणखी माहिती हवी असेल, तर रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय आहे. ते १९८१ साली सुरू झाले. तळ्यात मासे वाढवण्याविषयी तिथे विचारता येते.

लक्षात ठेवा

१. तळे कोणाचे, ते आधी विचारा.
२. तीन दिवस चारा, चौथ्या दिवशी गळ.
३. चारा आणि गळ एकाच जागी.
४. लांब टाकू नका, नेमका टाका.
५. लहान मासा ओल्या हाताने सोडा.
६. पाण्यात विष घालू नका, घालू देऊ नका.

सांगा पाहू

कटला वरच्या थरात चरतो, हे त्याच्या तोंडावरून कसे ओळखाल? पहाटे मासे पाण्यावर तोंडे उघडत असतील, तर काय कराल? तुमच्या गावच्या तळ्यात मासे कोणी सोडले, आणि कधी? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात नाही. ते गावात विचारून या, आणि आपल्या वहीत लिहा.